पायपुसण्यापाशी थांबलेला मुडदा

कामावर तिला सगळे ‘गाळणी’ म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. चहा कुणीही करावा, चोथा कपात जाऊ द्यायचा नाही एवढंच गाळणीचं काम. तिचंही तसंच होतं. सिनेमा थिएटरातून उतरला की लोकांना घरी पाहता यावा म्हणून त्याची डिस्क निघते. ती डिस्क छापायला जाण्याआधी ज्या शेवटच्या माणसाच्या डोळ्यांखालून आणि कानांवरून जाते, ते माणूस म्हणजे ही बाई. चित्र कुठे फुटतंय का, चेहऱ्याचा रंग मागच्या भिंतीवर सांडतोय का, ओठ आधी हलून शब्द मागून येतायत का, शांत प्रसंगात खरखर आहे का, हे सगळं ती डोळ्यांत तेल घालून बघायची. तिच्या हातून सुटलेली चूक घरोघर जाऊन बसणार, आणि एकदा गेली की तिला परत बोलावता येत नाही.

तिची खोली जिन्याखाली होती. भिंती राखाडी, पडदे राखाडी, टेबल पुसायचं फडकंसुद्धा राखाडी. कारण आजूबाजूला रंग असला की डोळा फसतो. समोर एक मोठा महागडा पडदा. त्यावर मूळ प्रत दिसायची, म्हणजे दिग्दर्शकाने मान्य केलेला सिनेमा, जसाच्या तसा. त्याच्या शेजारी मात्र कुणाच्याही बैठकीच्या खोलीत असतो तसला साधा टीव्ही, आणि टीव्हीसमोर एक जुना सोफा. त्या सोफ्याची एक स्प्रिंग बसणाऱ्याला टोचायची, तरी सोफा बदलायला ती तयार नव्हती. “लोक काय ताठ बसून सिनेमा बघतात का?” ती म्हणायची. “कुशीवर लवंडतात, मध्येच उठून दार उघडतात, शेजारी कुणीतरी फोनवर गप्पा हाणत असतं. तिथे दिसलं पाहिजे, तिथे ऐकू आलं पाहिजे.”

तिचा एक नियम होता आणि तो तिनेच घातला होता. मागे एकदा मॅडमनी, म्हणजे तिथल्या मुख्य बाईंनी, हळूच सांगून पाहिलं होतं, “अगं, त्या गाण्यात शेवटच्या रांगेत माझी भाची नाचतेय. तेवढा कोपरा जरा उजळता आला तर बघ ना.”

तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला. “मॅडम, आज भाची, उद्या कुणाचा मेहुणा, परवा निर्मात्याचं कुत्रं. आपल्या माणसासाठी चित्राला हात लावायचा नाही.”

मॅडम रागावल्या नाहीत. उलट तेव्हापासून तो नियम सगळ्यांनाच लागू झाला. त्यांची भाची त्या डिस्कवर अजूनही अंधारातच नाचते.

तिचा नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान होतं. त्यामुळे घरात दोऱ्याचे तुकडे, खडूची भुकटी आणि चिंध्या यांचा कायम सुळसुळाट. लग्न होऊन ती घरात आली आणि पहिल्याच आठवड्यात दुकान आणि घर यांच्यामधल्या उंबऱ्याशी तिने एक जाडंभरडं पायपुसणं टाकलं. सुरुवातीला तिला सांगावं लागे, “अहो, पाय पुसून या.” मग नुसतं “पाय!” एवढं पुरायला लागलं. पुढे तेही लागेनासं झालं. पायपुसणं दिसलं की त्याचे पाय आपोआप थांबायचे, आधी उजवा, मग डावा, खर्र खर्र. बँकेत जाऊ दे, डॉक्टरकडे जाऊ दे, पायपुसणं ओलांडून तो तसाच आत गेलाय असं कधी झालं नाही. ही सवय त्याला एक दिवस मोठ्या पडद्यावर नेणार आहे, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर दोघंही पोट धरून हसली असती.

त्याचं असं झालं. मेलेली माणसं उठून गावात शिरतात आणि जिवंतांना खायला निघतात अशा जातीचा, पण हसवणारा, झॉम्बींचा एक सिनेमा मागे चांगलाच चालला होता. त्याचा दुसरा भाग निघाला. मुडद्यांची फौज मोठी, तिला कपडे हवेत, आणि तेही फाटके. हे काम शिंप्याकडे आलं. तो प्रत्येक सदरा आधी व्यवस्थित शिवायचा, काजं करायचा, बटणं लावायचा आणि मग फाडायचा. “अहो, फाडायचाच आहे तर काजं कशाला?” तिने विचारलं. तो म्हणाला, “मेलेला माणूस मरायच्या आधी चांगल्या घरचा नसेल कशावरून?”

चित्रीकरणाच्या जागी सुईदोरा घेऊन हजर राहायचं, हेही कामातच होतं. एका मुडद्याचा पाय ऐन वेळी मुरगळला. दिग्दर्शकाच्या मदतनिसाने आजूबाजूला पाहिलं आणि शिंप्याच्या दंडाला धरलं. “मामा, तुम्ही चला. चेहरा अगदी तयार आहे.” त्याच्या अंगात त्यानेच शिवलेला आणि त्यानेच फाडलेला सदरा चढवला, तोंडाला राखाडी रंग फासला आणि गर्दीच्या शेपटाला उभं केलं. प्रसंग असा: मुडदे एका घराचं दार फोडतात आणि एकमेकांना तुडवत आत घुसतात. पुढचे सगळे घुसले. मग हा आला. उंबऱ्याशी पायपुसणं पडलेलं. हा थांबला. मागून आणखी दोघे मुडदे त्याच्या पाठीवर आदळले, तरी हलला नाही. खाली मान घालून त्याने मुकाट्याने पाय पुसला, आणि मग कण्हत कण्हत आत गेला.

“कट!” ओरडताना दिग्दर्शकाचा आवाज फुटला. तो खांबाला धरून हसत होता. “हे ठेवायचं! याला हात लावायचा नाही!”

त्या दिवशी तो घरी आला तो जमिनीपासून चार बोटं वरूनच. सदरा त्याने मागून घेतला आणि दुकानात समोरच्या खुंटीवर टांगला. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माप देता देता सगळी कथा ऐकावी लागे. सिनेमा लागला तसा तो सगळा गोतावळाच थिएटरात घेऊन गेला: सासूबाई, मेहुणी, आणि मेहुणीचा नवरा, म्हणजे त्याचा साडू. साडूचं नळांचं आणि फरशांचं दुकान होतं, आवाज दुकानाएवढाच मोठा होता, आणि दुसऱ्याच्या कौतुकात मिठाचा खडा टाकायची त्याला लहानपणापासूनची हौस.

दाराचा प्रसंग आला. शिंपी खुर्चीच्या टोकाला सरकला. “आता बघा. आता बघा हं.” पडद्यावर काळोख. काळोखात कसलीशी हालचाल. कुठून तरी खर्र खर्र असा आवाज. आणि पुढचा प्रसंग सुरू.

“आलात का तुम्ही?” साडूने विचारलं.

“येऊन गेलो.”

“कधी?”

“आत्ताच. पाय नाही का पुसले?”

“तो उंदीर होता होय! मला वाटलं थिएटरातच शिरला.” पुढच्या दोन रांगा हसल्या. संपूर्ण सिनेमात लोक एवढे हसले ते तेव्हाच.

गावातल्या इतर थिएटरांसारखाच त्या थिएटरातलाही पडद्यावर चित्र फेकणारा दिवा म्हातारा झाला होता. तिच्या ते बसल्या बसल्या लक्षात आलं होतं. बाहेर पडताना तिने तसं सांगितलंही. पण साडू ऐकतोय कुठला! “दिव्याला कशाला बोल लावतेस? हिरोईन तर झकास दिसत होती. साडूभाऊ, तुम्हाला मेकअप लागलाच नसेल म्हणा. आणि लागला असला तरी कळलं कुणाला असतं?”

तेव्हापासून भेटला की तो दारातच थबकायचा, कपाळावर हात आडवा धरायचा आणि इकडेतिकडे शोधायचा. “अहो, आमचे साडूभाऊ कुठे आहेत? दिसत नाहीत!” शिंपी समोरच उभा असायचा. पहिल्यांदा तोही हसला. दुसऱ्यांदा कसंबसं हसला. मग हसणं थांबलं. एक दिवस खुंटीवरचा सदरा नाहीसा झाला, आणि तिला तो चिंध्यांच्या बोचक्यात तळाशी सापडला. तिने तो तिथेच राहू दिला. पण तिचे कान कामाचे होते. तो शिवताना यंत्राच्या तालावर काहीबाही गुणगुणायचा. आता नुसतं यंत्र ऐकू यायचं.

सिनेमाही पडला. पहिल्या भागाला हसलेले लोक दुसऱ्याला जांभया देऊन आले. आता शिंप्याला दिसायला एकच जागा उरली होती, ती म्हणजे डिस्क. तिथे तो दिसला तर दिसला. नाहीतर जन्मभराचा उंदीर झाला. आणि ती डिस्क तपासायला येणार होती त्याच्या बायकोच्या टेबलावर.

आली. तिने दार लावलं, दिवे घालवले आणि आधी मूळ प्रत मोठ्या पडद्यावर लावली. दाराचा प्रसंग आला आणि ती सोफ्यावरून उठूनच उभी राहिली. तिचा नवरा लख्ख दिसत होता! अंधार होता, पण अंधारालाही थर असतात. मागे रस्त्यावरच्या दिव्याचा निळसर उजेड, त्यापुढे मुडद्यांची डोकी, त्याखाली पायपुसण्याचे खरखरीत धागे, आणि त्यांवर सावकाश, मनापासून घासला जाणारा पाय. मागून धक्के बसतायत आणि हा चांगल्या घरचा मुडदा आपला सभ्यपणा सोडत नाही. मागच्या स्पीकरांतून खर्र खर्र आणि मग एक हलकासा खोकला. त्या राखाडी खोलीत ती एकटीच खो खो हसली. प्रसंग तिने पुन्हा लावला, पुन्हा हसली. आणखीही एक बारीकशी गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नाही. पण ती कामाची नव्हती, घरची होती, म्हणून तिने ती मनातच ठेवली.

मग तिने छापायला जाणारी चाचणीची डिस्क साध्या टीव्हीवर लावली, आणि तिचं हसू मावळलं. दाराशी नुसत्या काळ्या चौकटी. जणू कुणी काळ्या फरशा बसवल्या होत्या आणि त्या जागच्या जागी थरथरत होत्या. मुडदे नाहीत, पायपुसणं नाही, नवरा नाही. खर्र खर्र तर टीव्हीच्या दोन बारक्या स्पीकरांत बाकीच्यांच्या कण्हण्याखाली गाडली गेली होती.

असं का होतं, हे तिला पाठ होतं. डिस्कवर जागा मोजकीच असते. सगळं मावेना की यंत्र कुठेतरी कात्री लावतं, आणि अंधारात बघण्यासारखं काही नसतं असं समजून पहिला हात तिथेच मारतं. या डिस्कवर सिनेमाबरोबर ‘खास आकर्षण’ म्हणून कलाकारांच्या लांबलचक मुलाखती कोंबल्या होत्या. त्यांना जागा दिली ती मुडद्यांनी.

दोष खरा होता. पण हा दोष आपल्याला दोष म्हणून दिसला, की नवरा म्हणून? घाईच्या कामात अंधारातल्या बारीकसारीक चौकटींकडे तिने यापूर्वी कानाडोळा केलेला होता. अगदी नाही असं नाही. त्या चौकटींत कुणाकुणाचे नवरे होते कुणास ठाऊक.

तिने शेजारच्या खोलीतल्या आवाजवाल्याला बोलावलं. दिवसभर हेडफोन घालून बसल्यामुळे तो नेहमी कुजबुजल्यासारखा बोलायचा, म्हणून त्याला ‘फुसफुस’ म्हणत. तिने त्याला काहीच सांगितलं नाही. “या डिस्कमधले अंधाराचे प्रसंग बघ आणि मूळ प्रतीशी ताडून बघ. एवढंच.”

तो बघून आला. “ताई, तळघराचा जिना गेलाय. कपाटातला प्रसंगही गेलाय. आणि ते दार...” तो हसायला लागला. “तो कोण आहे हो? पाय पुसणारा?”

“का रे?”

“मी थिएटरात बघितला हा सिनेमा. तिथे नव्हता हा! मूळ प्रतीत बघितला आणि खुर्चीतून पडायचा राहिलो. सिनेमातली सगळ्यात भारी गंमत अंधारात बसलीये आणि कुणाला पत्ताच नाही.”

“तो माझा नवरा आहे,” ती म्हणाली.

फुसफुसने हेडफोन गळ्यात ओढले. पहिल्यांदाच तो मोठ्याने बोलला. “आयला! ताई, मग आता?”

आता मॅडम. ती वर गेली आणि दोष सांगायच्या आधी नवऱ्याचं सांगितलं. मॅडम खुर्चीत मागे रेलल्या. त्यांच्या चेहऱ्यावर भाची नाचून गेली.

“आपल्या माणसासाठी चित्राला हात लावायचा नाही. हे कोण म्हणालं होतं बरं?”

“मीच.”

“आणि आता?”

“आताही तेच म्हणते. उजळा असं मी म्हणतच नाही. मूळ प्रतीत आहे तेवढंच दिसू दे. पण खरं सांगते मॅडम, मला माझाच भरवसा नाही. निवाडा मी करणार नाही. दिग्दर्शकाला बोलवा, दोन्ही शेजारी लावा, काही न सांगता दाखवा. मी खोलीत थांबत नाही. मी असले की लोक माझ्या तोंडाकडे बघतील.”

मॅडम खुर्चीत पुढे झाल्या. “माझ्या भाचीच्या वेळी मला हे सुचलं असतं तर?”

“मूळ प्रतीतही ती अंधारातच होती, मॅडम. मी बघितलं होतं.”

मॅडमना हसू आवरलं नाही. त्यांनी फोन उचलला.

दिग्दर्शक आला तो खांदे पाडूनच. सिनेमा पडल्यापासून कुणी बोलावलं की ते चार शब्द सुनवायलाच, अशी त्याची समजूत झाली होती. “काय करायचं ते करून टाका, छापा आणि मोकळे व्हा,” दारातच त्याने सांगून टाकलं. मॅडम आणि फुसफुस त्याला जिन्याखालच्या खोलीत घेऊन गेले. ती बाहेर बाकावर बसली.

त्या खोलीचं दार आवाज बाहेर जाऊ नये म्हणूनच बसवलेलं होतं. आपल्याच दाराचा तिला इतका राग कधी आला नव्हता. ऐकण्यावर जिचं पोट, तिला आज काहीच ऐकू येईना. कुणीतरी जिन्यावरून चहाची किटली घेऊन गेलं, तिने चहासुद्धा घेतला नाही. नवरा आता काय करत असेल? बहुतेक कुणाच्या तरी पँटची पट्टी उलटवत असेल, गुणगुणल्याशिवाय.

दार धाडकन उघडलं. दिग्दर्शक बाहेर आला. त्याचे डोळे ओले होते आणि खांदे हलत होते, आणि ते हसण्याने होतं हे समजायला तिला क्षण लागला.

“हे मला दिसत होतं!” तो तिला म्हणाला, ती कोण हे त्याला ठाऊकही नव्हतं. “चित्रीकरणात दिसत होतं, सिनेमाचे तुकडे जोडताना दिसत होतं. थिएटरात गेलो आणि कुणी हसेना. मला वाटलं गंमतच फुसकी आहे. अहो, लोकांना ती दिसलीच नव्हती!” मग तो मागे वळला. “जागा कमी पडते म्हणालात ना? काय काय काढता येईल?”

“मुलाखती आहेत,” फुसफुस म्हणाला. “सगळ्यात लांब तुमचीच आहे.”

“काढा. तशीही मी तिथे खोटंच बोललोय. हिरोबरोबर काम करताना फार मजा आली म्हणून सांगितलंय.”

मुलाखती गेल्या. मोकळी झालेली जागा अंधाराला मिळाली: तळघराला, कपाटाला आणि दाराला. साध्या टीव्हीसाठीच्या आवाजात फुसफुसने ती खर्र खर्र कण्हण्याच्या ढिगाखालून काढून पुढे आणली. दिग्दर्शक स्वतः शेजारी बसून “अजून थोडी, अजून थोडी” म्हणत होता. तो उठेपर्यंत मॅडमनी त्याला सांगून टाकलं होतं की बाहेरच्या बाकावर मुडद्याची बायको बसली आहे. जाताना तो तिच्यापाशी थांबला आणि त्याने चक्क हात जोडले. “वहिनी, ती सवय त्यांना कुणी लावली?”

“मी,” ती म्हणाली. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

घरी तिने एक अक्षर काढलं नाही. बाजारात जाण्याआधी कामावरची गोष्ट घरी बोलायची नाही हा दुसरा नियम, आणि तो मोडायची तिची टाप नव्हती. पण डिस्क बाजारात आली तशी साडूचीच हाक आली. त्याने नवा टीव्ही घेतला होता, खाटेएवढा, चहूबाजूंना स्पीकर लावलेला, आणि तो बघायला सगळ्यांनी यायचं होतं. “आणि सिनेमा कोणता लावणार माहीत आहे का?” फोनवरूनही त्याचा आवाज खोलीभर घुमला. “साडूभाऊंचा! बघू एवढ्या मोठ्या पडद्यावर तरी उंदीर सापडतो का!”

“मला नाही यायचं,” शिंपी म्हणाला.

“चला,” ती म्हणाली.

“तुझ्या बहिणीचं घर आहे, तू जा.”

“अहो, चला म्हणते ना.”

तिच्या आवाजात काहीतरी होतं. त्याने टेप गळ्यातून काढून खुंटीला अडकवली.

साडूच्या बैठकीत पडदे ओढून चक्क संध्याकाळ केली होती. सासूबाई पुढच्या खुर्चीत. त्यांना कानाने कमी ऐकू यायचं, पण नजर घारीची. साडूने रिमोट राजदंडासारखा धरला होता. सिनेमा सुरू झाला आणि गाळणी खुर्चीतून अर्धी उठलीच. टीव्ही दुकानातून जसा आला तसाच लावला होता. सगळ्या करामती चालू! मुडदे रंगपेटीत बुडवून काढल्यासारखे गुलाबी, आणि अंधार कोळशाच्या पोत्यासारखा काळाकुट्ट. इतकं करून सवरून डिस्क बरोबर, आणि टीव्हीच सगळ्यावर पाणी ओतणार!

“भावजी,” ती म्हणाली, “रिमोट जरा देता?”

“का? एवढा झगझगीत टीव्ही बघितला नसेल कधी.”

“म्हणूनच. एवढा चांगला टीव्ही आणि त्याला असं ओरडायला लावलंय. थोडा शांत करते.”

“सगळं नवीन आहे, हात लावू नकोस.”

“द्या हो तिला,” बहीण पाठीमागून कडाडली. “तिचं कामच आहे ते. मला तर पुसायलासुद्धा हात लावू देत नाही हा माणूस.”

साडूने नाइलाजाने रिमोट दिला. तिने एकेक करामत बंद केली. चित्र निवळलं, मुडदे पुन्हा मेलेले दिसायला लागले. “फिकं पडलं सगळं,” साडूने नाक मुरडलं. पण तळघराचा जिना आला तेव्हा तो बोलायचं विसरला, कारण जिन्याखाली कुणीतरी बसलेलं त्याला दिसलं आणि तो दचकला. कपाटाच्या प्रसंगाला सगळे एकदमच हसले. हाच सिनेमा थिएटरात जांभया देत बघितला होता, यावर कुणाचा विश्वास बसेना.

मग दार फुटलं. मुडदे घुसले. शिंपी जमिनीकडे बघत बसला होता.

“अगंबाई!” सासूबाई एकदम ओरडल्या. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा. “अगं, जावई! जावईबापू पाय पुसतायत!”

आणि त्याच क्षणी खोलीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांतून, स्वच्छ, खरखरीत: खर्र खर्र. मग तो खोकला. बहिणीच्या हातातला कप हिंदकळला. साडूने तोंड उघडलं ते उंदीर म्हणायलाच, पण आतून बाहेर आलं ते हसू. आणि असलं हसू की त्याला खुर्चीचा हात धरावा लागला. “मागे... मागे घ्या! परत लावा!” तिने परत लावलं. तो परत हसला. तिसऱ्यांदा त्याने स्वतःच रिमोट घेतला, उठून टीव्हीजवळ गेला आणि पडद्यावर बोट ठेवलं. “हा बघा आमचा साडू! अहो, अख्ख्या सिनेमात माणूस म्हणावा असा हा एकच मुडदा! मागून एवढे धक्के मारतायत, पण गडी हलतो का?” जणू साडूभाऊंना पहिल्यापासून त्यानेच हुडकून काढलं होतं.

शिंप्याने मान वर केली. पडद्यावर स्वतःला बघितलं, साडूच्या खाटेएवढ्या टीव्हीवर, डोक्यापासून पायांपर्यंत.  मग घसा खाकरून म्हणाला, “कॉलर डावीकडे उचललीये. लहान टाका घालायला हवा होता.” आणि मग त्याच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं, ते पुढे कितीतरी दिवस उतरलं नाही. दुसऱ्या दिवशी सदरा बोचक्यातून निघून, इस्त्री होऊन, पुन्हा समोरच्या खुंटीवर आला. गिऱ्हाइकं माप द्यायला आली की आधी पाय पुसून दाखवा म्हणायला लागली. शिवणयंत्राच्या आवाजात पुन्हा गुणगुणणं मिसळलं, आणि पुढच्या खोलीतून ते बेसूर ऐकू आलं तरी तिने एकदाही तक्रार केली नाही.

पण ते पुढचं. त्या संध्याकाळी निघताना साडू दारापर्यंत पोहोचवायला आला. त्याने सवयीने कपाळावर हात आडवा धरला, पण या वेळी शोधलं नाही. सरळ शिंप्याकडे वळून कडक सलाम ठोकला. “साडूभाऊ, एकदा आमच्याही पायपुसण्यावर होऊन जाऊ दे. घराला मान मिळेल.”

शिंप्याने आढेवेढे घेतले नाहीत. तो बाहेर जाऊन पुन्हा आत आला, कण्हत, खांदे पाडून, उंबऱ्याशी थांबला आणि खाली मान घालून त्याने पाय पुसले: आधी उजवा, मग डावा. टाळ्या पडल्या. सासूबाईंनी तर जागेवरूनच कानशिलांवर बोटं मोडून दृष्ट काढली.

रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली, “एक विचारू?”

“विचार की!” तो आज काहीही द्यायला तयार होता.

“आत्ता दोन्ही पाय पुसलेत. सिनेमात एकच पुसलाय, तोच तोच दोनदा. डावा तसाच घेऊन आत गेलात. मी कामावर पहिल्याच दिवशी बघितलं.”

तो चालता चालता थांबला. मग मुडद्यासारखे खांदे पाडले आणि कण्हत म्हणाला,

“तिथे तू नव्हतीस ना!”